जपणं आधी, वाटणं नंतर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय 'वेबवरच्या वाचनखुणा' असा छापला आहे. विषय किरकोळ वाटतो. आम्हाला तो तसा वाटत नाही. का, ते सांगायलाच उभे आहोत. पण आधी एक खुलासा. एखादी गोष्ट बंद पडली की तिचे गोडवे गायचे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. बंद पडलेली थिएटरं, बंद पडलेली मासिकं, बंद पडलेली इराण्याची हॉटेलं, सगळ्यांवर हळवे लेख निघतात. आज तसलं काही करायचं नाही. डिलिशस नावाचं एक संकेतस्थळ होतं, त्याची आम्ही आज समीक्षा करणार आहोत, पुस्तकाची करतात तशी. त्याला काय साधलं, काय फसलं, आणि मागून आलेल्यांनी त्यातलं काय उचललं नि काय टाकून दिलं.

वाचनखूण हा शब्द छान आहे. पुस्तकात मोरपीस ठेवा, एस.टी.चं तिकीट ठेवा, नाहीतर सरळ पानाचा कोपरा दुमडा. ती खूण तुमची तुमच्यासाठी असते. ब्राउझरमधला बुकमार्कही सुरुवातीला असाच होता. आपल्या संगणकात, आपल्या यादीत, आपल्यापुरता. घरचा संगणक वेगळा, ऑफिसचा वेगळा, आणि एकातली यादी दुसऱ्यात नाही. यादी शंभराच्या पुढे गेली की तिच्यात काही सापडणं मुश्कील.

जोशुआ शॅक्टर हा मॉर्गन स्टॅन्लीमध्ये नोकरी करणारा प्रोग्रॅमर. त्याची अडचण आपल्यापेक्षा बरीच मोठी होती. १९९८ पासून तो 'मीमपूल' नावाचं संकेतस्थळ चालवायचा. वेबवरच्या चमत्कारिक, मजेदार पानांचे पत्ते लोक तिथे पाठवत. त्याने साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते उतरवून ठेवले होते, आणि ही फाइल वाढत वाढत सुमारे वीस हजार पत्त्यांवर गेली. वीस हजारांत शोधायचं कसं? म्हणून तो प्रत्येक पत्त्याच्या शेजारी एखादा शब्द लिहायला लागला. पुढे आपण ज्याला टॅग म्हणू लागलो ते हे. कोणतीही थिअरी नाही, चळवळ नाही. आपलंच सामान आपल्याला सापडावं एवढाच हेतू. सप्टेंबर २००३ मध्ये हेच त्याने सगळ्यांसाठी खुलं केलं, ते डिलिशस. नावाच्या पोटात दोन टिंबं होती. ती नेमकी कुठे, हे लोकांना आठवायचं नाही. २००८ मध्ये ती काढून टाकावी लागली.

आता ते चालायचं कसं, हे जरा सावकाश पाहू, कारण आमचा सगळा युक्तिवाद त्यावर आहे. तुम्ही एखादं पान साठवलं. त्याला दोन-चार शब्द चिकटवले, वाटलं तर एखादी ओळ टिपण लिहिलं. काम झालं, तुम्ही मोकळे. तुमची यादी मात्र उघडी असायची, आणि तुम्ही साठवलेल्या पत्त्याशेजारी एक आकडा दिसायचा: हे पान आणखी किती जणांनी साठवलं आहे. आकड्यावर टिचकी मारली की ती माणसं दिसायची. कोणी, कधी, कोणत्या शब्दाखाली. सगळ्यांत आधी कोणी. त्यातल्या एखाद्या नावावर टिचकी मारली की त्या माणसाची अख्खी यादी पुढ्यात. समजा, तुम्ही जुन्या नकाशांवरचं एखादं आडवळणाचं पान साठवलंत आणि जगात आणखी तिघांनीच ते साठवलेलं आहे. त्या तिघांच्या याद्या तुम्ही चाळणारच! तिथे नकाशे असतील, आणि नकाशांच्या शेजारी तुम्हाला कधी सुचलंही नसतं असं काहीतरी असेल. लाखभर लोकांनी साठवलेल्या पानावरून असा शेजार मिळत नसे. तिघांच्या पानावरून मिळे.

या शेजाराचं एक जुनं स्वप्न आहे. व्हॅनेव्हार बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुलै १९४५ च्या 'अटलांटिक मंथली'त एका यंत्राची कल्पना मांडली होती, मेमेक्स. वाचणारा माणूस एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना पायवाट पाडत जाईल, ती वाट जपली जाईल आणि दुसऱ्याला देताही येईल. अशा वाटा पाडणं हा एक व्यवसायच होईल असं त्याला वाटत होतं. आपल्याकडे वाटाड्या म्हणतात तो, फक्त कागदांच्या रानातला. बुशच्या टेबलाएवढ्या यंत्राचं पुढे काही झालं नाही. डिलिशसने मात्र हा वाटाड्या फुकटात मिळवून दिला, आणि तोही असा, की आपण कोणाला वाट दाखवतो आहोत हे त्याच्या गावीही नसायचं!

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. डिलिशस उपयोगी पडलं याचं कारण ते मुळात आपमतलबी होतं. तिथे कोणी दुसऱ्याला काही सांगायला जात नव्हतं. माणूस स्वतःसाठी जपत होता, आणि त्या जपण्याचा दुसऱ्याला आपसूक उपयोग होत होता. स्वतःसाठी ठेवताना माणूस खोटं बोलत नाही. लोकांना दाखवायच्या यादीत तो जाडजूड ग्रंथ मांडेल. स्वतःच्या यादीत गळका नळ कसा दुरुस्त करायचा हे ठेवेल. ही दुसरी यादी वाचण्यासारखी असते.

आपल्याकडे याला एक जुनं उदाहरण आहे: बाड. रामदासी, कीर्तनकार, पुराणिक मंडळी आपल्या वापरासाठी अभंग, पदं, आरत्या, कुठे एखादं औषध, असं मिळेल ते उतरवून ठेवत. शंकरराव देवांनी गोळा केलेली अशी बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ज्याने उतरवलं त्याच्या डोळ्यांपुढे उद्याचं कीर्तन होतं, संशोधक नव्हता. आणि तरीही, किंवा तसं होतं म्हणूनच, संशोधकाला त्याचा भरवसा वाटतो.

आता टॅगांकडे वळू. यावर त्या काळी बरीच धुळवड झाली. थॉमस व्हँडर वालने २००४ मध्ये 'फोक्सोनॉमी' असा शब्द काढला. लोकांनी मिळून केलेलं वर्गीकरण, असा त्याचा भावार्थ. पुढच्या वर्षी क्ले शर्की या लेखकाने तर ग्रंथपालांच्या वर्गीकरणाची सद्दी संपली असंच जाहीर केलं. त्याचं म्हणणं असं, की पुस्तक ही वस्तू आहे, ती एकाच फळीवर ठेवता येते, म्हणून ग्रंथपालाला एकच जागा ठरवावी लागते. वेबवर फळीच नाही. मग एकच जागा कशाला? हव्या त्याने हवं ते नाव द्यावं.

हे ऐकताना आम्हाला रंगनाथन आठवतात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, मूळचे गणिताचे शिक्षक. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की विषयाला एक ठरावीक खण देण्याऐवजी सुट्या भागांतून तो जोडता का येऊ नये? १९३३ मध्ये त्यांची कोलन पद्धती छापून आली. व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ अशा पाच बाजूंनी विषयाकडे बघायचं आणि ते तुकडे जोडायचे. म्हणजे एका वस्तूला अनेक बाजू असतात हे आमच्या ग्रंथपालाला वेबच्या कितीतरी आधी माहीत होतं. शर्कीसाहेबांनी ज्या ग्रंथपालाला पाडलं तो जरा सोयीचा निवडलेला होता, असं आमचं मत आहे. रंगनाथन आणि टॅग यांच्यातला खरा फरक दुसराच आहे. रंगनाथन यांच्या पद्धतीत शब्द ठरलेले असतात. डिलिशसमध्ये शब्द ज्याचा त्याचा.

ज्याचा त्याचा म्हणजे काय होतं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पु. ल. देशपांड्यांवरचं एक पान घ्या. कोणी 'पुलं' लिहील, कोणी 'पुल', कोणी दोन टिंबं देऊन 'पु.ल.', कोणी रोमन लिपीत, तेही तीन तऱ्हांनी. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ आणखी वेगळे. शिवाय डिलिशसमध्ये टॅग मोकळ्या जागेवर तुटायचा. 'मराठी कविता' लिहिलंत की 'मराठी' एक आणि 'कविता' दुसरा, असे दोन टॅग व्हायचे. मग शब्द चिकटवून लिहा, नाहीतर मध्ये रेघ मारा, म्हणजे आणखी दोन पाठभेद तयार. एखाद्या साध्या गावच्या ग्रंथालयात बाई चष्मा सावरून सांगतात, "पु.ल. होय? 'दे'मध्ये बघा." ही सोय इथे नव्हती.

तरी यातून एक नवल घडलं. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या गोल्डर आणि ह्युबरमन या दोघांनी डिलिशसचा अभ्यास केला. एखादं पान शंभरेक जणांनी साठवलं, की त्यावरच्या टॅगांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ स्थिर होतं, असं त्यांना दिसलं. कोणी न सांगता. मात्र त्याच अभ्यासात त्यांनी टॅगांच्या सात जाती सांगितल्या आहेत, त्या आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात. पान कशाबद्दल आहे हे सांगणारे टॅग तर होतेच. पण 'मजेदार', 'मूर्खपणा' असं मत देणारे होते, 'माझं' म्हणणारे होते, आणि 'वाचायचंय' अशी स्वतःला आठवण करून देणारे होते. 'वाचायचंय' हा टॅग दुसऱ्याच्या काय कामाचा? काहीच नाही. कोणत्याही ग्रंथपालाने तो रद्द केला असता. पण त्याच्यामुळे डिलिशसची प्रकृती कळते. माणसं वर्गीकरण करायला आलीच नव्हती. ती आपलं कपाट लावत होती, आणि कपाटात एक खण 'नंतर बघू'चा असतोच. आम्हा वाचणाऱ्यांच्या घरांत तोच सगळ्यांत मोठा असतो, हे सोडा.

आता पुढे काय झालं? 'डिग' २००४ च्या अखेरीस आलं होतं. तिथे पत्त्याला मतं पडायची, आणि ज्याला जास्त मतं तो वर. डिलिशसचा शेजारचा तो आकडा या लोकांनी उचलला, आणि आकड्यामागची माणसं टाकून दिली. त्यानंतर लाइक, शेअर, फॉरवर्ड. आज एखादी वाचनीय गोष्ट हाती लागली की आपला अंगठा कुठे जातो? साठवण्याकडे जात नाही. पाठवण्याकडे जातो. आपण ती पाच गटांवर पाठवतो आणि आपल्यापाशी ठेवत नाही. दोन महिन्यांनी तीच हवी असली, तर "अरे, तू पाठवलं होतंस ना ते, परत पाठव" असा निरोप धाडतो. त्यालाही ती सापडत नाही, कारण त्यानेही ती नुसतीच पुढे सरकवलेली असते. सगळ्यांच्या हातून गेली, कोणाच्याही हातात राहिली नाही.

यात नुसती गैरसोय आहे असं कोणी समजू नये. पुढे सरकवलेल्या मजकुराला मागचा धागा नसतो. १ जुलै २०१८ ला आपल्याच राज्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेकरी माणसं होती ती. त्या महिन्यांत मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यांत फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत तयार झालेली, मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना जागं करणारी जाहिरात होती. मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात हा तिचा शेवट कापलेला होता. ज्याच्या हाती ती पडली त्याला ती कुठली, केव्हाची, पहिल्यांदा कोणी टाकली, यातलं काहीही कळायला मार्ग नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' अशी चिठ्ठी लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. चिठ्ठीने एवढंच कळतं, की हे दुसऱ्याकडून आलं आहे. कोणाकडून, ते नाही.

डिलिशस असतं तर ते पाच जीव वाचले असते, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणणं पोरकटपणाचं होईल; जमावाच्या हिंसेची कारणं फोनमध्ये मावत नाहीत. आमचं म्हणणं रचनेपुरतं आहे. जिथे जपणं आधी असतं तिथे नाव, तारीख आणि मूळ पत्ता आपोआप सोबत राहतात, कारण जपणाऱ्याला स्वतःलाच ते लागतात. जिथे नुसतं पुढे ढकलणं असतं तिथे ते गळून पडतात, कारण ढकलणाऱ्याला त्यांचं काही काम नसतं.

इतकं बाजूने बोलल्यावर आता डिलिशसचे दोष. त्यातला पहिला मोठा आहे. ते पत्ता साठवायचं, पान नव्हे. पत्ता घेऊन गेलात आणि घर पाडलेलं असलं, तर काय? प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे ज्याने त्या वर्षी शंभर खुणा घातल्या, त्याच्या तीस-चाळीस खुणा आता हवेत आहेत. ह्या बाबतीत बाडवाला शहाणा. त्याने अभंग कुठे मिळाला ते लिहिलं नसेल एक वेळ, पण अभंग उतरवून घेतला.

दुसरा दोष मालकीचा. डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतलं. २००८ च्या अखेरीला त्रेपन्न लाख वापरणारे आणि अठरा कोटी वेगवेगळे पत्ते इतका तो पसारा वाढला होता. आणि डिसेंबर २०१० मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली. तिच्यावर डिलिशसचं नाव 'सूर्यास्ता'च्या रकान्यात होतं. लोकांची एकच पळापळ झाली. पुढे यूट्यूबच्या संस्थापकांपैकी चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांनी ते घेतलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये नव्या रूपात आणलं.

हे नवं रूप कसं होतं, यावर एकच गोष्ट सांगतो. डिलिशसवर सगळ्यांत कसबी टॅग कोणाचे होते? प्राध्यापकांचे नव्हते, ग्रंथपालांचेही नव्हते. 'स्टार ट्रेक'सारख्या मालिकांतली पात्रं घेऊन हौसेने कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या चाहत्यांचे होते. यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. कथा कोणत्या मालिकेवरची, कोणत्या दोन पात्रांची, केवढी लांब, तिच्यात काय त्रासदायक आहे, सगळं टॅगांत. आणि दोन पात्रांची जोडी दाखवायला ते मध्ये एक तिरपी रेघ देत. नव्या मालकांच्या डिलिशसमध्ये ही तिरपी रेघ असलेले टॅग शोधताच येईनात. एक विरामचिन्ह गेलं आणि वर्षानुवर्षं लावलेलं अख्खं ग्रंथालय निकामी झालं. ज्यांनी हे केलं त्यांनी ती रेघ कोण वापरतं, हे पाहिलंच नव्हतं.

त्या वेळी माचेय त्सेग्लोव्स्की नावाचा गृहस्थ 'पिनबोर्ड' हे अशाच प्रकारचं संकेतस्थळ एकट्याने चालवत होता. त्याने या चाहत्यांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्यांनी सगळ्यांनी मिळून मागण्यांचा दस्तऐवज लिहून काढला, पन्नासेक पानांचा, नीट क्रम लावलेला. वाचनखुणा कशा असाव्यात यावर इतकं बारकाईने दुसऱ्या कोणी लिहिलं असेल असं आम्हाला वाटत नाही. पिनबोर्डची आणखी एक गोष्ट डिलिशसपेक्षा निराळी होती. तो पहिल्या दिवसापासून पैसे घ्यायचा. सुरुवातीला एकदाच, थोडे. प्रत्येक नव्या सभासदागणिक ती रक्कम किंचित वाढायची. आणखी पैसे दिले, तर पत्त्यासोबत पानाची प्रतही ठेवून द्यायचा. फुकटच्या डिलिशसला एवढे मालक बदलावे लागले, आणि शेवटी जून २०१७ मध्ये ते याच त्सेग्लोव्स्कीने ३५,००० डॉलरला घेतलं आणि नवं काही साठवणं बंद करून टाकलं.

'पैसे मागणारा टिकतो' असा नियम काढायचा मोह होतो, पण तो काढू नये. एक माणूस म्हणजे एकच माणूस. तो उद्या थकेल. आणि मोठं घर, चांगला हेतू यांनीही भागत नाही. 'पॉकेट' हे नंतर वाचायचे लेख साठवण्याचं साधन २०१७ मध्ये मोझिलाने घेतलं, फायरफॉक्सवाल्या ना-नफा संस्थेच्या कंपनीने. ८ जुलै २०२५ ला तेही बंद झालं.

अशा वेळी सगळे एकच काम सांगतात: आपली यादी उतरवून घ्या. तीही आम्ही उघडून पाहिली आहे, डिलिशसमधून उतरलेली फाइल. तिच्या पहिल्या ओळीत नेटस्केपचं नाव असतं. तो ब्राउझर २००८ मध्ये संपला, पण वाचनखुणांच्या फाइलीचा त्याने घालून दिलेला नमुना अजून सगळे पाळतात. आजच्या ब्राउझरला द्या, तो ती निमूट वाचतो. वर एक ताकीद असते, की ही फाइल यंत्राने बनवली आहे, तिच्यात हाताने बदल करू नका. मग खाली ओळीने पत्ते. साठवल्याची वेळ १९७० च्या १ जानेवारीपासून मोजलेल्या सेकंदांत, त्यापुढे ही नोंद खासगी की उघडी ते, त्यापुढे टॅग. तुमच्या बाजूचं जे जे होतं ते बहुतेक सगळं आलेलं असतं. ते नकाशावाले तिघे मात्र त्यात कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी त्या फाइलीत रकानाच नाही.

वेळ झाली आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर माइक पुढे द्या.